स्लीप स्टडीला जाताना: गोव्यातल्या नवख्या रुग्णांसाठी

स्लीप क्लिनिकच्या पहिल्या भेटीला एकटे जाऊ नका. तुमच्या शेजारी जो माणूस झोपतो त्याला बरोबर न्या. रात्री श्वास अडतो का, मध्येच गुदमरल्यासारखा आवाज येतो का, पाय झाडले जातात का, झोपेत बोलणं किंवा हात उगारणं होतं का, यातलं काहीच झोपलेल्याला कळत नाही. डॉक्टरांच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या दुसऱ्या माणसापाशीच असतात. त्याला येणं जमत नसेल तर मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगा. पंखा क्षणभर बंद करायचा म्हणजे आवाज स्पष्ट येतो, आणि छाती-पोट दिसेल इतका उजेड ठेवायचा. श्वास थांबलेला असताना छाती हलते आहे की नाही, हे त्यात दिसलं तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

हा लेख मुख्यतः घोरणं आणि झोपेत श्वास अडणं, म्हणजे स्लीप ॲप्निया, यासाठी स्लीप स्टडी, म्हणजे अंगाला वायरी लावून क्लिनिकमध्ये रात्रभर झोपवून करायची तपासणी, सांगितलेल्यांना उद्देशून आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. तुमची तक्रार नुसती ‘झोप लागत नाही’ अशी असेल, तर बहुतेक वेळा रात्रभराच्या तपासणीची गरज नसते. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ झोपेचं खोबरं होत असेल तर तो जुना निद्रानाश. त्यावर पहिला उपाय म्हणजे सीबीटी-आय ही समुपदेशनाची पद्धत, साधारण सहा ते आठ बैठकांची. महागडी तपासणी करून ‘सगळं नॉर्मल’ असा कागद हातात घेऊन घरी येणारे बरेच जण असतात आणि त्यांची झोप होती तिथेच राहते. आधी विचारा: या तपासणीतून तुम्हाला काय शोधायचं आहे?

कुणाकडे जायचं

घोरणं आणि श्वास अडणं असेल तर छातीरोगतज्ज्ञ किंवा ईएनटी. झोपेत हातपाय मारणं, स्वप्नाबरोबर ओरडणं असेल तर न्यूरोलॉजी. संध्याकाळी आडवं झालं की पायांत वळवळ सुरू होते आणि चालल्याशिवाय चैन पडत नाही, अशी तक्रार असेल तर रक्तातलं फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासून घ्या. ते ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी आलं तर डॉक्टर आधी लोहाचा विचार करतात. चिंता आणि उदासी यांच्याबरोबर झोप गेली असेल तर मानसोपचार. सरकारी इस्पितळात जायचं तर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मनोविकारांसाठीची आयपीएचबी ही संस्थाही बांबोळीतच आहे. जाताना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, चालू गोळ्यांची यादी आणि ब्लड प्रेशरच्या नोंदी बरोबर ठेवा. तीन-तीन गोळ्या घेऊनही आटोक्यात न येणारं ब्लड प्रेशर हे झोपेतल्या श्वासाच्या तक्रारीचं नेहमीचं लक्षण आहे आणि ते सांगायचं राहून जातं.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ही तपासणी त्यात बसते का, हे तारीख घेण्याआधी काउंटरवर विचारा. खासगी विमा असेल तर तपासणी आणि सीपॅप मशीन (झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा धरणारं उपचाराचं यंत्र) या दोन्हींबद्दल वेगवेगळं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सीपॅप मशीनची किंमत विम्यात सहसा मिळत नाही.

तारखेआधीचे दोन आठवडे

एक कागद आखा. एक ओळ म्हणजे एक दिवस. किती वाजता अंथरुणात गेलात, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, सकाळी कधी उठलात, दुपारची वामकुक्षी किती वेळ, चहा-कॉफी किती आणि कधी, दारू घेतली का. सगळं अंदाजाने लिहा. घड्याळ बघत बसलात तर आहे ती झोपही जाईल. हॉटेलात, कॅसिनोत किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करत असाल तर पाळ्या त्याच कागदावर लिहा. रात्रपाळीवाल्या माणसाची तपासणी त्याच्या नेहमीच्या झोपेच्या वेळी करता येईल का, हे विचारायला हरकत नाही.

एपवर्थ नावाची प्रश्नावली बहुतेक ठिकाणी भरून घेतात. ती मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडली. आठ प्रसंग असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली की दिवसाची पेंग नेहमीपेक्षा जास्त धरतात. प्रश्न ‘थकवा किती’ असा नसतो, ‘डुलकी लागण्याची शक्यता किती’ असा असतो, आणि इथेच लोक गोंधळतात. दुपारी आडवं झाल्यावर झोप लागणं इथे कुणालाच नवं नाही, त्या ओळीला ३ आले तरी घाबरू नका. पण समोरच्याशी बोलताना पेंग येते, पर्वरीच्या कोंडीत गाडी थांबली की मान खाली जाते, या ओळींना १ जरी आला तरी डॉक्टरांना तोंडाने सांगा. आणि तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत गाडी चालवू नका. हे आम्ही हात जोडून सांगतो. हायवेवर दुचाकी असो की चिरे भरलेला ट्रक, तीन सेकंदांची डुलकी पुरते.

गळ्याचा घेर टेपने मोजून ठेवा, कंठाच्या उंचवट्याखाली. ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर श्वासनलिकेवर दाब येण्याची शक्यता वाढते. अंगाने बारीक माणसालाही ॲप्निया असतो, विशेषतः जबडा मागे असेल तर. म्हणून ‘मी जाड नाही’ एवढ्यावर तपासणी टाळू नका.

तपासणीचा दिवस

यात एकच सूत्र धरा: तुमची नेहमीची रात्र जशी असते तशीच ती तिथे गेली पाहिजे. आदल्या रात्री जत्रेत दशावतारी नाटक पहाटेपर्यंत बघून दुसऱ्या दिवशी तपासणीला गेलात, तर त्या रात्रीची झोप तुमची नसते. ती राहिलेल्या झोपेची भरपाई असते. चतुर्थीच्या धावपळीतली तारीखही शक्यतो घेऊ नका.

दुपारी हुमण-भात झाला की पाठ टेकायची सवय त्या एका दिवसासाठी मोडा. वामकुक्षी झाली की रात्री वायरींच्या जंजाळात झोप येणं कठीण. दुपारनंतर चहा-कॉफी नको. संध्याकाळी दारू नको. उन्हाळ्यातला हुर्राक असो की फेणी, दारूने घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास जास्त वेळा अडतो. रोज घेत असाल तर मात्र लपवू नका. एकदम सोडल्यावर हातपाय थरथरतात, झोप उडते, आणि कधीकधी ते धोक्याचं असतं. म्हणून ते डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवा. झोपेच्या आणि मनाच्या गोळ्यांचंही तसंच. काही गोळ्या स्वप्नांच्या झोपेवर आणि पायांच्या हालचालींवर परिणाम करतात, पण त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

केस त्या दिवशी शाम्पूने धुवा आणि खोबरेल लावू नका. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड (वायरीच्या टोकाची, सिग्नल टिपणारी छोटी वाटी) टिकत नाही. मध्यरात्री तो निसटतो आणि टेक्निशियनला तुम्हाला उठवून परत चिकटवावा लागतो. केसांत गजरा, अबोलीची वेणी, पिना काही नको. चेहऱ्याला क्रीम नको. दोन्ही हातांची निदान एकेक बोटं नेलपॉलिश आणि मेंदीपासून मोकळी हवीत, कारण ऑक्सिजन मोजणारा चिमटा नखातून उजेड आरपार पाठवून मोजमाप करतो. दाढी नेहमी ठेवत असाल तर तशीच असू द्या, दोन दिवसांचे खुंट असतील तर गुळगुळीत करून या.

पिशवीत: पुढून बटणं उघडणारा सैल शर्ट किंवा गाऊन, घरची उशी, रात्रीच्या गोळ्या, पाण्याची बाटली, सकाळसाठी टोपी किंवा ओढणी. घरची उशी फालतू वाटते, पण मान कोणत्या कोनात राहते यावर घोरणं अवलंबून असतं. जेवण आठपर्यंत उरका आणि हलकं ठेवा. भरल्या पोटी आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं आणि रात्र त्यातच जाते.

वायरी लावताना

याला पाऊण ते एक तास लागतो. टेक्निशियन आधी टेपने डोकं मोजतो, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि पेन्सिलने टाळूवर खुणा करतो. प्रत्येक खुणेवर खरखरीत जेल कापसाने घासतो. थोडं चरचरतं, पण त्वचेचा वरचा थर निघाल्याशिवाय सिग्नल नीट येत नाही. मग वाटाण्याएवढा पेस्टचा गोळा, त्यात छोटी वाटी, वर गॉजचा तुकडा. डोळ्यांच्या बाजूला दोन, हनुवटीवर दोन-तीन, छातीवर ईसीजीचे, दोन्ही नडग्यांवर एकेक जोडी. छातीला एक पट्टा, पोटाला एक पट्टा. नाकात दोन छोटी टोकं असलेली नळी. बोटाला चिमटा. सगळ्या वायरी मानेमागे वेणीसारख्या एकत्र बांधून एका डबीत खोचतात.

रात्री लघवीला जायचं झालं तर हाक मारा, किंवा हात वर करा, कॅमेऱ्यात दिसतं. टेक्निशियन येऊन डबी सोडवतो, ती गळ्यात अडकवून तुम्ही जाऊन येता. संकोचाने रात्रभर कळ काढत पडून राहणारे आहेत आणि त्यांची तपासणी वाया जाते. पट्टा काचत असेल, नाकातली नळी टोचत असेल तर ते दिवे मालवण्याआधीच सांगा.

झोपण्याआधी ते तुमच्याकडून थोडी कवायत करून घेतात: डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवा, पाच वेळा पापण्या मिटा, दात आवळा, दहा सेकंद श्वास धरा, पाय हलवा. प्रत्येक वायर बरोबर बोलते आहे ना, याची ती चाचणी असते.

रात्र

‘मला तिथे झोपच लागणार नाही’ ही भीती सगळ्यांनाच असते. नव्या जागी पहिली रात्र हलकी जाते हे तपासणाऱ्यांनाही माहीत असतं आणि रिपोर्ट वाचताना ते धरलं जातं. घरच्यासारख्या पूर्ण रात्रीच्या झोपेची गरज नसते, काही तासांची झोपही बहुतेक वेळा पुरते. जागे असाल तर डोळे मिटून पडून राहा. मोबाईल नको.

रात्रीतला थोडा वेळ तरी उताणं झोपा. उताणं झोपल्यावर जीभ आणि तोंडातल्या टाळूचा मऊ भाग मागे पडतो, श्वास सर्वांत जास्त तेव्हाच अडतो. सबंध रात्र कुशीवर गेली तर आकडा खोटा कमी येऊ शकतो.

मध्यरात्री टेक्निशियन मास्क घेऊन आला तर घाबरू नका. पहिल्या दोन-अडीच तासांतच श्वास फार वेळा अडलेला दिसला, तर उरलेल्या रात्रीत मशीन लावून दाब ठरवतात, म्हणजे दुसऱ्या रात्रीचा खर्च वाचतो. मास्क लावला नाही म्हणजे आजार नाही, असा अर्थ मात्र काढू नका. सकाळी टेक्निशियनला ‘कसं आलं?’ म्हणून खोदून विचारू नका. त्याला ते सांगता येत नाही. सबंध रात्रीचा आलेख ३० सेकंदांच्या तुकड्यांनी बघून मगच रिपोर्ट बनतो.

सकाळी पेस्ट कोमट पाण्याने जाते. आधी भिजवा, मग विंचरा. घरी परतताना गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी.

घरी नेऊन लावायचं छोटं यंत्रही काही जणांना देतात. लक्षणं ठळक असतील आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार नसेल तर ते चालतं. त्यात मेंदूच्या वायरी नसतात, म्हणून तुम्ही झोपला होता की नुसते पडून होता हे त्याला कळत नाही. याचा परिणाम खाली बघा.

रिपोर्ट

मुख्य आकडा एएचआय. झोपेच्या दर तासाला किती वेळा श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा पुरेसा कमी पडला, याची सरासरी. ५ च्या खाली सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. हे मोठ्या माणसांसाठी. मुलांमध्ये तासाला एकापेक्षा जास्त वेळा श्वास अडला तरी दखल घेतात, आणि तिथे बहुधा टॉन्सिल-ॲडेनॉइड बघावे लागतात.

समजा १०० वेळा श्वास अडला आणि झोप ५ तास झाली, तर एएचआय २०, म्हणजे मध्यम. घरच्या यंत्राने तेच १०० भागिले यंत्र चालू असलेले ७ तास असं केलं तर १४ आले, म्हणजे सौम्य. माणूस तोच, रात्र तीच. म्हणून घरच्या तपासणीत नॉर्मल येऊनही दिवसा पेंग येतच असेल तर क्लिनिकमधली पूर्ण तपासणी मागा.

आकड्याखालच्या ओळीही वाचा. ऑक्सिजन सर्वांत खाली कितीवर गेला? ९० टक्क्यांच्या खाली किती मिनिटं होता? उताणं असताना एएचआय किती, कुशीवर किती? उताणं ४० आणि कुशीवर ६ अशी तफावत असेल तर कुशीवर झोपण्याच्या सवयीलाही उपचारात जागा मिळते. ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ म्हणजे छाती-पोट हलतं पण नाकातून हवा येत नाही. ‘सेंट्रल’ म्हणजे छाती-पोटच हलत नाही, श्वास घेण्याचा निरोपच येत नाही. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

मशीन मिळाल्यावर

सीपॅप १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी जगापुढे आणलं. हवेच्या सौम्य दाबाने घसा उघडा धरायचा, इतकंच ते करतं. त्यात ऑक्सिजन नसतो. दाब साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका. सुरुवातीला चिडून सोडून देणारे खूप असतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा मास्क असतो, मशीन नव्हे.

मास्क दुकानात बसून निवडू नका. आडवं होऊन, दाब चालू करून, डावीकडे-उजवीकडे कूस बदलून बघा. पट्टे आवळत गेलात तर गळती वाढते, कारण मऊ कड दुमडते. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत इतपत सैल ठेवा. डोळ्यांकडे हवा येत असेल तर मास्क चेहऱ्यापासून थोडा उचला आणि परत बसू द्या. जाड मिशीवर नाकाच्या मास्कची कड बसत नाही, तिथे नाकपुड्यांत बसणारे छोटे पिलो बघा. सकाळी तोंड वाळून लाकूड झालेलं असेल तर रात्री तोंड उघडतं आहे असं समजा. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज, नाहीतर तोंडही झाकणारा मास्क.

पहिले चार-पाच दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा, मग रात्री. रॅम्प चालू ठेवा, म्हणजे दाब हळूहळू चढतो. जितकी रात्र जमेल तितकी लावा. १० पैकी ७ रात्री, निदान ४ तास, हा बहुतेक ठिकाणचा किमान हिशेब आहे. खरा फायदा सबंध रात्रीचा.

गोव्याच्या हवेत काही वेगळ्या गोष्टी होतात. मशीनच्या ह्युमिडिफायरला, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाला, पाण्याची टाकी असते, तिच्यात डिस्टिल्ड पाणी घाला. विहिरीचं किंवा नळाचं पाणी उकळलं तरी त्यातले क्षार आणि लोह जात नाहीत, तळाशी तपकिरी थर बसतो. एसी लावून झोपत असाल तर गरम ओलसर हवा थंड नळीत शिरते, तिचं पाणी होतं, आणि पहाटे नळीत गुडगुड आवाज येऊन चेहऱ्यावर थेंब पडतात. ओलावा एक-दोन अंकांनी कमी करा, नळीला कापडी खोळ घाला किंवा ती पांघरुणाखालून घ्या, आणि मशीन उशीच्या पातळीच्या खाली ठेवा. पावसाळ्यात एसी नसेल तर ह्युमिडिफायर बराच कमी करूनही भागतं.

सकाळी मास्कची मऊ कड सौम्य साबणाने धुवा. नळी आठवड्यातून एकदा धुऊन दोन्ही टोकं खाली येतील अशी टांगा. जून-जुलैत ती एका दिवसात वाळत नाही आणि आत काळी बुरशी धरते, म्हणून दुसरी नळी हाताशी असू द्या. कडक उन्हात वाळवू नका, सिलिकॉन कडक होतं. फिल्टर महिन्यातून एकदा बघा, काळवंडला की बदला.

वीज गेली की मशीन थांबतं, मास्कमधून तुम्ही श्वास घेऊ शकता, पण घसा परत मिटतो. पावसात वारंवार वीज जाणाऱ्या भागात मशीन इन्व्हर्टरवर घ्या. ह्युमिडिफायर बंद केला की बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना मॉडेल तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने लाखो मशीन परत मागवली, कारण आवाज शोषण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण नळीत येण्याचा धोका होता. त्यातली दुरुस्त न केलेली मशीन हातोहात फिरत असू शकतात. आणि दुसऱ्याच्या दाबावर लावलेलं मशीन तसंच वापरायचं नाही. शक्य असेल तर आधी महिनाभर भाड्याने घ्या.

सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा थोडा पुढे धरणारं साधन दंतवैद्य बनवून देतात, तेही विचारून बघा. वजन उतरलं की दाब परत मोजावा लागतो.

महिन्याने दाखवायला जाल तेव्हा मशीनमधलं मेमरी कार्ड, मास्क आणि पहिल्या भेटीला आलेलं ते घरचं माणूस, तिन्ही बरोबर न्या. कार्डावर मशीन लावूनही उरलेला एएचआय, गळती आणि वापराचे तास दिसतात, पण घोरणं थांबलं का हे ते माणूसच सांगेल. मशीनच न्यायचं असेल तर पिशवीत घालण्याआधी टाकीतलं पाणी ओतून टाका. बसच्या हिसक्यात ते मोटरमध्ये शिरलं तर मशीन दुरुस्तीला जातं.